माती बसायला वेळ लागतो

घोड नदीवर डिंभे धरण झाले. त्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, नदीकाठची भातखाचरे गेली. वर सरकलेल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हाती डोंगरउतार तेवढा उरला. उतारावर नाचणी-वरई होते. भाताला पाणी धरणारी सपाट जमीन लागते. ती त्यांनी 'पडकई'ने घडवली. आज तुझ्या उतारावर, उद्या माझ्या, असे मिळून राबायचे. खालच्या अंगाला दगडांची ताल रचायची, वरची माती खणून तिच्यापाशी ओढायची. कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने या जुन्या रीतीला बळ दिले.

पण खाचर एका पावसात तयार होत नाही. खणल्यावर मुरूम वर येतो, सुरुवातीला पीक बेताचेच येते. शेणखत घालावे, ढासळलेली ताल पुन्हा रचावी. वाटसरूला तिथे काहीच घडताना दिसत नाही. माती मात्र बसत असते.

आपल्याही आयुष्यात अशी वर्षे येतात. राबणे चालू असते, दाखवायला काही नसते. ती वाया गेली म्हणण्याआधी आपली ताल शाबूत आहे ना, एवढे पाहावे. ढासळली असेल, तर शेजाऱ्याला हाक मारावी. पडकई एकट्याने होत नाही.