ग्रीक लिपीत टिकून राहिलेला हिब्रू आवाज

बायबलच्या जुन्या करारात यहूदाच्या गादीवर बसलेली एक राणी आहे, अथल्या. हिब्रूत तिचं नाव 'ऐन' या अक्षराने सुरू होतं, आणि आजचे बहुतेक हिब्रू भाषक ते अक्षर उच्चारतही नाहीत. ग्रीक भाषांतरात मात्र हीच राणी 'गोथोलिया' होते. शास्ता अथनिएल तिथे 'गोथोनिएल' होतो, आणि सदोमच्या शेजारचं अमोरा 'गोमोरा'. हा 'ग' भाषांतरकारांनी पदरचा घातला का?

मुळीच नाही. त्यांनी कानावर पडलं तेच लिहिलं.

हिब्रू लिपीत अक्षरं २२, पण जुन्या भाषेतले ध्वनी त्याहून जास्त होते. 'ऐन' हे एकच अक्षर दोन व्यंजनांचं काम करी : एक घशाच्या तळातून निघणारं, दुसरं 'ग़ज़ल'मधल्या 'ग़'च्या जवळचं. अरबीत ही दोन अक्षरं आजही वेगळी आहेत. सीरियात रास शमरा इथे १९२९ पासून सापडत गेलेल्या युगारिती मातीच्या पाट्यांवरही त्यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. हिब्रूत पुढे दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी तोरा ग्रीकमध्ये आणायला घेतली आणि पाठोपाठ इतर ग्रंथ होत गेले, तेव्हा हा फरक अजून कानाला कळत होता. 'हेत' या अक्षराचंही तसंच. राहेलच्या नावातला 'हेत' ग्रीकमध्ये स्पष्ट उमटतो, इसहाकच्या नावातला गळून 'इसाआक' उरतं. अपवाद आहेत, पण एकूण कल अरबीशी ताडून पाहता येतो.

स्वरांच्या बाबतीत ही नावं आणखी मोलाची. जुन्या हिब्रू लेखनात मुख्यतः व्यंजनंच असत. गालीलातल्या तिबेरियाच्या पंडितांनी स्वरचिन्हं बसवली ती सातव्या ते दहाव्या शतकात. त्यांच्या पाठात मोशेची बहीण 'मिर्याम' आहे आणि बलदंड वीर 'शिमशोन'. त्याआधी हजारेक वर्षं ग्रीकमध्ये लिहिलं गेलं 'मारियाम' आणि 'साम्प्सोन'. पहिल्या अक्षरातला जुना 'अ' मधल्या काळात 'इ' झाला, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

'साम्प्सोन'मधला 'प' मात्र हिब्रू नव्हे. 'म'साठी मिटलेले ओठ 'स'कडे वळताना उघडतात, त्या क्षणी तो आपोआप फुटतो. तसंच मम्रे या नावाचं 'माम्ब्रे' झालं. मराठीला ही वाट चांगलीच ठाऊक आहे : 'आम्र'चा आंबा आणि 'ताम्र'चं तांबं असंच झालं.

काही ठिकाणी ग्रीक लिपी तोकडी पडली. तिच्यात 'श' नाही, त्यामुळे 'येशुआ'चं 'ईएसूस' झालं. मोशेचा वारस यहोशवा आणि नाझरेथचा येशू यांची नावं ग्रीकमध्ये अक्षरशः एकच. म्हणूनच १६११च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलात, इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, यहोशवाच्या जागी 'जीझस' छापलेलं आहे.

सर्वांत बोलका भाग व्याकरणाचा आहे. ग्रीक नामांना विभक्तीचे प्रत्यय लागतात, पण अब्राहाम, दावीद, याकोब या पूर्वजांच्या नावांना ग्रीक बायबलात कुणी हात लावला नाही. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या वंशावळीत कोण बाप आणि कोण मुलगा हे बहुतेक ठिकाणी नावावरून कळत नाही, मुलाच्या नावाआधीच्या उपपदावरून कळतं. नव्या करारातला प्रेषित याकोब मात्र 'याकोबोस' होऊन सगळे प्रत्यय घेतो. पूर्वजाचं नाव जपायचं, समकालीनाचं वळवायचं, अशी ही रीत दिसते. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये तर एकाच माणसाच्या नावाची दोन रूपं आहेत : निवेदक त्याला 'साउलोस' म्हणतो, पण दिमिष्काच्या वाटेवर येणारी वाणी 'साऊल, साऊल' अशी हाक मारते. ती वाणी हिब्रू भाषेत बोलली, असं तोच ग्रंथ पुढे सांगतो.

पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याने पूर्वजांचीही गय केली नाही. ग्रीक वाचकांच्या कानाला बरं वाटावं म्हणून आपण नावांना ग्रीक वळण दिलं, असं तो स्वतःच सांगतो. त्याचा अब्राहाम 'आब्रामोस' आहे.

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींनीही आपल्या हिब्रू नावांना असंच घरचं वळण दिलं, प्रत्यय तेवढा 'जी' लावला. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात.