डिसेंबरात प्लॉट बघावा

लेहमध्ये बांधकामाचा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा. मे उजाडला की विटा थापायला सुरुवात होते, आणि थंडी पडायच्या आत छत टाकून मोकळं व्हायची प्रत्येकाला घाई असते. त्यामुळे स्वतःचं घर स्वतः उभं करणारा माणूस जागेची पाहणी आणि खोल्यांची आखणीही उन्हाळ्यातच उरकतो. जूनमध्ये सगळ्याच जागा उजळ दिसतात. मग रस्ता ज्या बाजूला, त्या बाजूला मोठी खिडकी निघते आणि चूक जानेवारीत कळते. तेव्हा भिंती हलवता येत नाहीत, म्हणून चर्चा सुरू होते ती कोणता हीटर घ्यावा याची.

हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. पण पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण १०० मिलिमीटरच पडतं. आकाश बहुतेक दिवस निरभ्र, हवा विरळ, त्यामुळे ऊन कडक. ऊब दारापर्यंत फुकट येते. तिला आत घेणं आणि रात्रभर धरून ठेवणं, एवढंच घराला जमायला हवं.

त्यासाठी थोडी भूमिती लागते. लेहमध्ये २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर असतो (पुण्यात त्याच दिवशी ४८), तर २१ जूनला ७९ अंशांवर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलीत दूरवर शिरतं, आणि उन्हाळ्यात छज्जा त्याला बाहेरच अडवतो. दीड फुटाचा छज्जा जूनच्या दुपारी भिंतीवर जवळजवळ आठ फूट सावली पाडतो, डिसेंबरमध्ये एक फूटही नाही. पश्चिमेच्या खिडकीला ही सोय नाही, कारण तिथे सूर्य कलता असतो आणि छज्जा उपयोगी पडत नाही. उत्तरेची खिडकी तर हिवाळ्यात फक्त खर्चाची बाजू.

याच हिशेबाने, दक्षिणेला शेजाऱ्याचं २० फूट उंच घर असेल तर डिसेंबरच्या भर दुपारी त्याची सावली ३० फुटांच्या पुढे येते. डोंगराला खेटलेल्या वस्त्यांत सूर्य उशिरा दिसतो आणि लवकर बुडतो. म्हणून जागा डिसेंबरात बघावी, निदान तिथे राहणाऱ्यांना विचारावं की थंडीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं. एवढ्या चौकशीला पैसे पडत नाहीत, तरी ती क्वचितच होते.

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला जुन्या लडाखी घराचं छत ओळखीचं वाटेल: पॉपलरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काठ्या, गवत आणि वर माती. भिंती हात-दीड हात जाड, कच्च्या विटांच्या. तळमजल्यावर जनावरं, छतावर रचलेला चारा आणि गोवऱ्या. ही ठेवण गैरसोयीची वाटते, पण छतावरचा चारा थंडी थोपवतो आणि जनावरांची ऊब वर येते. शिवाय थंडीत सगळं कुटुंब एका स्वयंपाकघरात राहायचं. घर अख्खं गरम करण्याची कल्पनाच नव्हती.

५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहवर ढगफुटी झाली, चिखलाच्या लोंढ्यांत शेकडो घरं गेली आणि मातीवरचा विश्वास डळमळला. सिमेंटचं घर टिकाऊ, शिवाय प्रतिष्ठेचं, म्हणून काँक्रीट वाढलं. भीती खोटी नव्हती. शिवाय लेह भूकंपाच्या पट्ट्यात येतं, आणि तिथे मातीच्या भिंतीला लाकडी किंवा काँक्रीटचे आडवे पट्टे नसतील तर ती धोक्याचीच. पण आठ इंची काँक्रीटच्या भिंतीतून दीड फुटी मातीच्या भिंतीच्या अडीच-तीन पट उष्णता बाहेर जाते. भीती गेली आणि थंडी घरात आली.

यावर इलाज आहे, आणि तो सिमेंट सोडा असा नाही. भिंतीला बाहेरून चार इंच थर्माकोलचा थर दिला तर कागदावरच्या हिशेबात त्या भिंतीतून जाणारी उष्णता दहाव्या हिश्श्यावर येते. लडाखमध्ये उत्तर, पूर्व आणि पश्चिमेला दुहेरी भिंत बांधून मधल्या पोकळीत पेंढा किंवा लाकडाचा भुसा भरण्याची पद्धतही चांगली रुजली आहे. भरण कोरडं राहिलं पाहिजे, एवढी अट. थर बाहेरून द्यायचा की आतून, यावर मिस्त्री आणि मालकाचं हमखास वाजतं. आतून देणं सोपं. पण मग जड भिंत थंडीच्या बाजूला पडते आणि दिवसा साठवलेली ऊब रात्री खोलीला मिळत नाही. रोज राहतं घर असेल तर थर बाहेरच हवा. छताला तर आधी हवा, कारण गरम हवा वर जाते आणि छत सगळी रात्र उघड्या आकाशाखाली असतं.

रात्री झोपायच्या खोलीसाठी ट्रॉम्ब भिंत ही युक्ती आहे. फ्रान्समध्ये फेलिक्स ट्रॉम्ब या शास्त्रज्ञाने वास्तुरचनाकार जाक मिशेल यांच्यासोबत १९६७ मध्ये ओदेयो इथे असं घर बांधलं. दक्षिणेची जाड भिंत बाहेरून काळी रंगवायची आणि तिच्यापुढे चार-सहा इंचांवर काच लावायची. ऊन भिंतीत मुरतं आणि ढोबळमानाने तासाला एक इंच या चालीने आत सरकतं. दुपारचं ऊन खोलीला मध्यरात्री पोचतं. दिवसा वापरायच्या खोलीला ही भिंत काय कामाची? तिथे सरळ मोठी काच लावावी. ट्रॉम्ब भिंतीला वर-खाली झरोके ठेवतात, म्हणजे गरम हवा दिवसाही आत येते. हे झरोके संध्याकाळी बंद केले नाहीत तर हवा उलट फिरते आणि खोलीच थंड होते. ‘आमची भिंत चालत नाही’ अशा तक्रारीमागे अनेकदा उघडा राहिलेला झरोका निघतो.

फे गावातल्या सेकमोलच्या आवारात ही सगळी तत्त्वं एकत्र दिसतात. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही शिक्षणसंस्था सुरू केली. इथल्या मातीच्या मुख्य इमारतीला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘तेरा’ पुरस्कार मिळाला. इमारतीचं तोंड दक्षिणेला, आणि हिवाळ्यात त्या बाजूला प्लास्टिकचं हरितगृह जोडलं जातं.

उन्हाने भागत नाही तिथे बुखारी येते. पत्र्याची ही भट्टी लाकूड, गोवऱ्या, भुसा किंवा रॉकेलवर चालते आणि धूर नळीने बाहेर जातो. नळी काजळीने तुंबली की कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. लेहच्या विरळ हवेत, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, जळण अर्धवट राहायचा धोका वाढतो. नळी हंगामाच्या सुरुवातीला उतरवून झाडावी, बाहेरची हवा आत यायला कायमची फट ठेवावी, खोलीत या वायूचा अलार्म लावावा. कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नये, याला अपवाद नाही.

बिननळीच्या गॅस हीटरची आणखी एक भानगड आहे. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. त्यात स्वयंपाकाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे. ही वाफ थंड काचेवर आणि काँक्रीटच्या खांबाच्या कोपऱ्यात जाऊन पाणी होते, आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. मालक म्हणतो छत गळतंय, गवंडी म्हणतो प्लास्टर निकृष्ट होतं. गवंडी बिचारा छतावर डांबर ओतून जातो आणि बुरशी तशीच वाढते. दुपारी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर जास्त उपयोग होतो. भिंत थंड होत नाही, दमट हवा मात्र निघून जाते.

हंगाम चुकवून स्लॅब टाकण्याची हौस ही वेगळीच गोष्ट. ५ अंशांखाली सिमेंटचं घट्ट होणं फार मंदावतं, आणि ओल्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं. घट्ट होण्याआधी एकदा गोठलेल्या स्लॅबची ताकद पुढे कितीही पाणी मारलं तरी परत येत नाही. ऑक्टोबर उजाडला असेल तर काम मे महिन्यावर टाकावं. तोवर भाड्याचं घर घ्यावं लागलं तरी ते पुन्हा स्लॅब टाकण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

आधीच बांधलेल्या घराला दिशा बदलता येत नसली तरी पुष्कळ काही करता येतं. दारा-खिडक्यांच्या फटी बुजवणं, काचेवर रात्री जाड रजईसारखा पडदा, छतावर थर, आणि दक्षिणेच्या भिंतीला लाकडी चौकटीवर ताणलेलं अतिनील किरणांना टिकणारं प्लास्टिक. हे शेवटचं काम एका दिवसाचं आहे आणि त्यात भाजीही पिकते. मात्र एप्रिल संपता संपता ते प्लास्टिक गुंडाळून वर ठेवावं लागतं. विसरलं तर उन्हाळ्यात त्याच खोल्यांत बसवत नाही, आणि उन्हाने प्लास्टिकही लवकर विटतं.