बरोबरीची जोड : एकच संघ सारखा जिंकत राहिला तर?

मंडळी, सुरुवात फुटबॉलनं नको, कुस्तीनं करू. शाहू महाराजांनी बांधलेल्या आपल्या खासबाग मैदानात कुस्ती ठरवताना आधी काय बघतात? जोड. वजन, वय, मेहनत, मागच्या कुस्त्या, सगळं पारखून बरोबरीची जोड लावायची. तयार पैलवानासमोर कोवळं पोरगं उभं केलं तर पब्लिक हुर्यो करतं. निकाल आधीच ठाऊक असेल तर बघायचं काय?

वॉल्टर नील नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1964 साली नेमकं हेच मांडलं. त्याचं उदाहरण मुष्टियुद्धाचं होतं, जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग यांचं. दुकानदाराला शेजारचं दुकान बंद पडलेलं चालतं, किंबहुना आवडतं. पण लुईसमोर श्मेलिंगच्या तोडीचा कुणी उरलाच नाही, तर लुईचं तिकीट कोण काढणार? म्हणजे खेळात प्रतिस्पर्धी हा एका अर्थानं भागीदारच असतो.

आता फुटबॉलची अडचण बघा. इथं जोड लावता येत नाही. आपल्या केएसएच्या वरिष्ठ गटात सोळा संघ; लीग म्हटली की बलवान आणि दुबळा समोरासमोर येणारच. मग एकच संघ वर्षानुवर्षं जिंकत राहिला, तर तो अन्याय का?

मी लगेच हो म्हणणार नाही. जर्मनीत बायर्न म्युनिकनं 2013 ते 2023 सलग अकरा वेळा लीग जिंकली, तरी तिथली मैदानं ओस पडली नाहीत. (2024 ला लेव्हरकुसेननं एकही सामना न हरता ती साखळी तोडली, ते वेगळं.) आणि आपल्या शेजारचं गोवा घ्या. आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं, 2007-08 ते 2012-13, सगळीच्या सगळी गोव्यात गेली. धेंपो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. कोलकात्यातून बघितलं तर ही सरळ मक्तेदारी. मडगावातून बघितलं तर तिघांत चाललेली जिवघेणी चुरस! चौकट कुठं आखता यावर 'वर्चस्व' हा शब्द ठरतो. पुढच्याच वर्षी बेंगळुरू एफसी हा नवाकोरा क्लब आला आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकून गेला. म्हणजे दार उघडं होतं.

माझ्या मते प्रश्न जिंकण्याचा नाही, जिंकण्यावर मिळणाऱ्या व्याजाचा आहे. यंदा जिंकलात म्हणून पैसा आला, पैशानं दुसऱ्याचा चांगला खेळाडू उचलला, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलात. इथं कालचा विजय उद्याचा सामना खेळतो. मैदानावरचं कसब मागं पडतं.

अमेरिकेनं यावर उपाय काढले. त्यांच्या एनएफएलमध्ये 1936 पासून नवे खेळाडू निवडताना पहिली पाळी सर्वांत दुबळ्या संघाची, आणि 1994 पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा. भांडवलशाहीच्या माहेरघरात हा समाजवाद! पण त्यातली मेख अशी, की तिथं खालून वर कुणी येऊच शकत नाही. ती समता आत बसलेल्या मालकांपुरती.

ते इथं आणून बघा. शिवाजी पेठेत वाढलेलं पोरगं पाळीनुसार दुसऱ्याच पेठेच्या तालमीला द्यायचं? त्या दिवशी पेठेत चूल पेटायची नाही. पण मंडळी, पेठेचा अभिमान हे अर्धंच सत्य झालं. हंगाम आला की खेळाडू तालीम बदलतात, बाहेरगावचे येतात, आफ्रिकेतले येतात. मानधन द्यावं लागतं. ज्या तालमीच्या मागं देणगीदार, तिचा संघ भक्कम. आणि लहान तालमीतलं पोरगं, गल्लीत अनवाणी खेळून तयार झालेलं, राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतं. मला काळजी त्याची आहे, चषक कुणाच्या कपाटात जातो याची नाही.

मागं एका व्याख्यानानंतर एक श्रोते म्हणाले, "सर, बाहेरचे आले म्हणूनच आमची पोरं शिकली की!" त्यांचं खरं आहे. समोर ताकदीचा बचावपटू असल्याशिवाय आघाडीच्या खेळाडूला धार येत नाही. म्हणून मी बंदी मागत नाही. स्वतःची पोरं घडवून एखादी तालीम दहा वर्षं जिंकली तर खुशाल जिंकू दे, मी टाळ्या वाजवीन. विकत घेतलेल्या ताकदीला मात्र मर्यादा हवी.

ती पगारावर घालावी काय? मला ते अवघड दिसतं. पगाराला मर्यादा घालायची तर आधी पगार कागदावर असावा लागतो, आणि आपला बराच कारभार वर्गणीवर आणि शब्दावर चालतो. त्यापेक्षा एका वेळी मैदानात बाहेरचे किती, आणि अकरांत तालमीच्या स्वतःच्या कुमार संघातून आलेले किमान किती, एवढंच ठरवावं. हिशेबनीस लागत नाही. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेला कुणीही डोकी मोजू शकतो, आणि आपले लोक मोजतातच.