खांब, भिंत आणि रेघ: काळ दिसतो कसा?

चेन्नईच्या नुंगमबाक्कम भागात, हवामान खात्याच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक जुना खांब आहे. १७९२ साली इथे मद्रास वेधशाळा झाली, तेव्हा वेध घेण्याच्या उपकरणासाठी तो रोवला गेला. आशियात गणिती शास्त्रं पहिल्यांदा कधी रुजली हे हजार वर्षांनंतरच्या लोकांनाही कळावं, असा हेतू त्यावर चक्क कोरून ठेवलाय. तोही आर्यभट आणि भास्कराचार्यांच्या देशात!

पुढे मद्रासची वेळ हीच देशभरच्या रेल्वेची वेळ झाली. मुंबईचं घड्याळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे असायचं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली आणि मद्रासचा तो मान गेला.

वेधशाळा नवी होती त्याच दशकात तंजावरचे सरफोजीराजे भोसले मद्रासमध्ये शिकत होते. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. बखरच ती, फक्त दगडावरची.

काळ दाखवण्याची आणखी एक रीत रेघेची. त्याआधीच इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी १७६५ च्या एका तक्त्यात प्रत्येक थोर व्यक्तीचं आयुष्य एका आडव्या रेघेत मांडलं होतं. जितकं आयुष्य, तितकी लांब रेघ. कोण कोणाचा समकालीन, ते एका नजरेत कळतं.

तंजावरची भिंत मात्र चालत चालत वाचावी लागते. मंदिरात गेलात, तर नैर्ऋत्येकडच्या प्राकारात ती नक्की शोधा.