जीप झाली उंच, ब्रेकचं काय?

लिफ्ट किट बसवलं. जाडजूड टायर टाकले. पुढे विंच, वर लाइट्सची पट्टी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आता तुमचीच हवा! पण एक प्रश्न विचारू? गाडीखाली शेवटचं वाकून कधी पाहिलंत?

मी तरी कधीच पाहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीत जळकोटला मामाकडे गेले तेव्हा पाहिलं. लातूर जिल्ह्यातलं हे गाव. आजूबाजूला बालाघाटचे माळ, चढ-उतार आणि पावसाळ्यात बूट गिळणारी काळी माती. मामाची जुनी एमएम ५४० इथं वर्षानुवर्षं सोयाबीनची पोती आणि पाहुणे वाहत आलीय. पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या मामेभावानं, म्हणजे दादानं, ती मनावर घेतली. शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेऊन तीन इंच उचलून घेतली. दिसायला एकदम भन्नाट! दुसऱ्या दिवशी याच जीपमधून आजीला उदगीरला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं.

त्याआधी दादानं जीप सहज म्हणून ओळखीच्या चाचांच्या गॅरेजला नेली. चाचांनी चेसिसखाली जॅक लावला, स्टँड ठेवले आणि मागचा अॅक्सल लोंबकळू दिला. मग मला हाक मारली, ‘‘ताई, इकडं बगा.’’ चेसिसवरून अॅक्सलकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली होती. टोकाजवळ बारीक भेगाही पडल्या होत्या.

‘‘भैया, गाडी वर उचलली, पण रबर तेवढाच ठेवलाव की! हे तुटलं तर थांबवताव कशानं?’’

दादाकडे उत्तर नव्हतं.

नेमकं होतं काय?

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइलवर दाब टाकतो. तो दाब आधी लोखंडी नळीतून आणि शेवटच्या टप्प्यात लवचीक रबरी होजमधून चाकापर्यंत पोहोचतो. होज रबरी असतो, कारण चेसिस जागेवर असते आणि चाकं खड्ड्यागणिक वर-खाली होतात. कंपनी या होजची लांबी मूळ सस्पेन्शनच्या हिशेबाने ठरवते.

उंच स्प्रिंग किंवा शॅकल टाकले की अॅक्सल चेसिसपासून लांब जातो. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. पण ऑफ-रोडला एक चाक दगडावर चढतं आणि दुसरं हवेत लटकतं. त्या लटकलेल्या चाकाचा होज पूर्ण ताणला जातो. तो फाटला तर ऑइल बाहेर आणि पेडल थेट जमिनीला. नव्या गाड्यांत दोन सर्किट असल्याने निम्मे ब्रेक तरी शिल्लक राहतात. एकाच सर्किटच्या जुन्या जीपमध्ये तेही नाही.

फक्त बॉडी लिफ्ट असेल, म्हणजे बॉडी आणि चेसिसच्या मध्ये ठोकळे टाकले असतील, तर अॅक्सलचं अंतर बदलत नाही. पण मास्टर सिलिंडर बॉडीवर असेल तर तिथून चेसिसकडे उतरणारी नळी तपासाच.

मग उपाय?

लिफ्ट थोडी असेल तर कधीकधी होजचा ब्रॅकेट खाली सरकवून भागतं. नाहीतर सरळ लांब होज घ्या. सध्या क्रेझ आहे ती स्टीलच्या जाळीच्या, म्हणजे ब्रेडेड होजची. आत टेफ्लॉनची नळी, त्यावर स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी आणि वर प्लॅस्टिकचं आवरण. रबर दाबाखाली थोडं फुगतं, हा होज फारसा फुगत नाही. त्यामुळे पेडल घट्ट लागतं आणि पायाला ब्रेकचा अंदाज नीट येतो.

पण गैरसमज नको. मोठ्या, जड टायरमुळे ब्रेकवर पडणारा जादा भार होज बदलून कमी होत नाही. त्यासाठी पॅड, डिस्क, ड्रम यांचाच विचार करावा लागतो. शिवाय जाळीच्या आत काय बिघडलंय ते बाहेरून दिसत नाही. वरचं आवरण नसेल तर जाळीत चिखल-वाळू अडकून आतली नळी घासली जाते. म्हणून दाबाची चाचणी झालेले, तुमच्याच गाडीच्या मापाचे होज घ्या. जुन्याला तुकडा जोडून लांबी वाढवणं हा जुगाड ब्रेकमध्ये चालत नाही. चार पैसे वाचतील, पण कशाच्या बदल्यात?

बसवताना हे विसरू नका

• माप अॅक्सल पूर्ण लटकवून घ्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवूनही बघा. होज ताणला जायला नको, टायरला घासायला नको आणि पीळही पडायला नको.

• बॅन्जो बोल्ट असेल तर तांब्याचे वॉशर नवेच टाका.

• काम करताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

• ऑइल गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत घसरतात. घाटात ब्रेक तापल्यावर ऑइल उकळलं तर वाफ दाबली जाते, चाक नाही. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीच मिसळू नका.

• शेवटी ब्लीडिंग. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून हवा काढायची, निपल बंद केल्यावरच पाय उचलायचा. टाकीतलं ऑइल संपू देऊ नका. एबीएस असेल तर स्कॅनर लागू शकतो, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

• काही गाड्यांत मागच्या अॅक्सलला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की त्याला वाटतं, मागे वजनच नाही! मग तो मागचा ब्रेक कमी करतो. त्याची दांडी पुन्हा सेट करून घ्या.

कायद्याचंही बघा

महाराष्ट्राचं जीपप्रेम जुनं आहे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. २०१० मध्ये थार आली आणि २०२० मध्ये नवी थार आल्यावर ऑफिसला जाणारी मंडळीही ऑफ-रोडिंग करू लागली. मॉडिफिकेशनची हौस मात्र कायद्याच्या चौकटीतच भागवावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. त्यामुळे लिफ्ट करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारा. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

दादाने त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावला. मापाचे होज ट्रॅव्हल्सच्या पार्सलने यायला तीन दिवस लागले. तोवर जीप चाचांच्या दारात उभी आणि आजी एसटीने उदगीरला. होज बसले, ब्लीडिंग झालं. चाचांनी पुन्हा अॅक्सल लटकवून दाखवला. या वेळी होज आरामात झुलत होता. मग रिकाम्या रस्त्यावर त्यांनी स्वतः हळू वेगात दहा वेळा ब्रेक मारून पाहिला आणि मगच दादाच्या हातात चावी दिली.

पुढच्या तपासणीला आजी जीपमधूनच गेली. चढताना मात्र कुरकुरली, ‘‘अरं, एवढी उंच कामून केलीस? मला स्टूल लागायलंय.’’

दादाने स्टूलही घेतलंय.