रंगाआधीचा रंग

दिवाळीच्या किल्ल्यावर ऐटीत उभा केलेला मावळा भाऊबीज उजाडण्यापूर्वीच फेट्याचा रंग गमावून बसतो, हा अनुभव महाराष्ट्रातील बहुतेक घरांना आहे. दक्षिणेकडे नवरात्रात पायऱ्यांवर मांडल्या जाणाऱ्या कोलूच्या बाहुल्या आणि उत्तरेकडे जन्माष्टमीच्या झाँकीतील गाई-गोप यांचेही दुखणे याहून निराळे नाही. मुले हिरमुसतात आणि वडील माणसे रंगाला दोष देतात. वस्तुतः रंग पुष्कळदा निर्दोष असतो. त्याला धरून ठेवणारे जे काही त्याच्याखाली असावयास हवे, तेच तेथे नसते. या खालच्या थराला आपल्याकडे अस्तर म्हणतात. रंगाच्या दुकानात तोच प्रायमर या नावाने मिळतो.

भिंतीला किंवा दाराला अस्तर देणे आपणास ठाऊक आहे. तेथे थर थोडा जाड झाला तरी बिघडत नाही. दोन-अडीच इंचांच्या मूर्तीची गोष्ट वेगळी. तिचे नाक मोहरीएवढे आणि बोटांमधील फट केसाएवढी असते. तेथे जाड थर बसला की कारागिराने कोरलेला चेहराच बुजून जातो. म्हणून चिमुकल्या मूर्तीच्या अस्तराला दोन परस्परविरोधी गुण लागतात. त्याने घट्ट धरले पाहिजे आणि तरीही ते दिसता कामा नये.

आपल्या देशातील कारागिरांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे, आणि त्यांचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरापासून दूर नाही. ते उत्तर म्हणजे चिंचोका. आंध्र प्रदेशातील कोंडपल्ली येथील कारागीर तेल्ल पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाच्या बाहुल्या कोरतात. चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून ते हातपाय जोडतात आणि बारीक आकार भरतात. त्यावर चुन्याचा पांढरा थर देतात आणि मगच कुंचला रंगात बुडवितात. कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्यातील किन्नाळ येथेही लाकडी मूर्तींवर चिंचोक्याच्या खळीचे मिश्रण चढविले जाते. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गेच्या मातीच्या मूर्तीला रंगाआधी खडूचा पांढरा हात देतात, त्यातही चिंचोक्याचाच चिकटा असतो. भाषा, देवता आणि लाकूड बदलले तरी खालचा थर मात्र एकाच झाडाच्या बियांनी बांधलेला, ही गोष्ट मोठी मनोरंजक नव्हे काय?

या मिश्रणातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. खडूचे किंवा चुन्याचे सूक्ष्म कण पृष्ठभागाला किंचित खरखरीतपणा देतात, त्यामुळे वरच्या रंगाला पाय रोवता येतात. खळ त्या कणांना एकमेकांशी आणि मूर्तीशी बांधते. खळ कमी पडली तर अस्तर बोटाला पिठासारखे लागते. ती अधिक झाली तर थर सुकताना आकसतो आणि त्याला बारीक तडे जातात. दुकानातील आधुनिक प्रायमरमध्येही हेच दोन घटक असतात. फरक एवढाच की खळीच्या जागी पाण्यात कालवलेले ॲक्रिलिक किंवा तत्सम द्रव्य असते आणि ते एकदा सुकले की पुन्हा पाण्यात विरघळत नाही.

आता आपल्या हातातील मूर्ती कशाची आहे, ते प्रथम पाहावे. निवड त्यावरच अवलंबून आहे. भाजलेली माती, शाडू आणि प्लास्टर यांना पाण्याची तहान फार. त्यांच्यावर थेट रंग लावला तर ती त्यातील पाणी शोषून घेतात आणि रंगाची कोरडी पूड वर राहते. अशा मूर्तींना सुतार वापरतात तो पांढरा डिंक चौपट पाण्यात मिसळून एक हात द्यावा. न भाजलेल्या शाडूवर हा हात अगदी हलका असावा, कारण ओलाव्याने ती माती विरघळू लागते. तो सुकल्यावर पांढरे ॲक्रिलिक अस्तर लावावे. चित्रकार कॅनव्हासला लावतात ते जेसोही येथे चालते, मात्र ते पाणी घालून सैल करावयास हवे. लाकडाला चिंचोक्याची खळ आणि खडूपूड आजही उत्तम. खळ लागेल तेवढीच शिजवावी. ती दोन दिवसांत आंबते, हे गृहिणींना सांगावयास नको.

प्लॅस्टिक आणि धातू यांचे उलट. ती काहीच शोषत नाहीत, म्हणून रंग त्यांच्यावरून घसरतो. खेळासाठी आणि संग्रहासाठी विदेशातून येणाऱ्या चिमुकल्या सैनिकांच्या मूर्ती बहुधा कडक प्लॅस्टिक, रेझिन किंवा मिश्रधातूच्या असतात. त्यांच्यासाठी मूर्तिकामाचे म्हणून जे पाण्यातील प्रायमर मिळतात तेच घ्यावेत. दाराखिडक्यांचा तेली प्रायमर जाड असतो आणि थिनर तर कडक प्लॅस्टिकला चक्क वितळवितो. मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांवर तेली रंग लावल्यास तो कित्येकदा महिनोन्‌महिने चिकटच राहतो, कारण प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू त्या रंगात उतरते.

फवाऱ्याच्या डब्यातील प्रायमर अधिक झटपट, असे आपणास कोणी सांगेल. ते खरेही आहे. परंतु त्याला मोकळी हवा हवी, त्याचा वास दोन खोल्यांच्या घरात सहन होत नाही, आणि पावसाळी दमट हवेत त्याचा थर बहुधा धुरकट उतरतो. नवरात्राची तयारी तर भाद्रपदातच सुरू होते. शिवाय चार मूर्तींसाठी आखा डबा कशाला? ब्रशने लावावयाची बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावरही उघडता येते आणि वर्षभर पुरते. ज्यांच्यापाशी अंगण आहे आणि शेकडा मूर्ती रंगवावयाच्या आहेत, त्यांनी खुशाल फवारा वापरावा.

लावण्याची रीत सांगण्यापूर्वी एक सूचना. प्लॅस्टिकची किंवा धातूची मूर्ती साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने धुवून पूर्ण वाळवावी. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा तिच्यावर उरलेला असतो आणि अस्तर सुटण्याचे ते पहिले कारण होय. साच्याच्या दोन भागांची शिवण अंगावर दिसत असेल तर ती याच वेळी खरवडावी. नंतर मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवावी, म्हणजे बोटे तिला लागत नाहीत.

बाटली चांगली हलवावी, पण बुडबुडे निवेपर्यंत थांबावे. अस्तर दुधाइतके पातळ असावे, सायीइतके नव्हे. मऊ केसांचा, मध्यम आकाराचा ब्रश घ्यावा. फार बारीक ब्रशने रेघा उमटतात. ब्रश बशीच्या काठावर निथळून कापडाच्या घड्या, काख, हनुवटीखालचा भाग अशा खोलगट जागांपासून आरंभ करावा आणि उंचवट्यांकडे यावे. घड्यांत अस्तर साचले तर कोरड्या ब्रशच्या टोकाने ते टिपून घ्यावे. पहिल्या हातानंतर मूर्ती ठिगळ लावल्यासारखी दिसते. त्याने धीर सोडू नये, आणि ती झाकण्यासाठी त्याच वेळी दुसरा थर तर मुळीच देऊ नये. अर्धवट सुकलेल्या जागी पुन्हा ब्रश फिरविला की पापुद्रा निघतो आणि तो दोष मग झाकता झाकत नाही. तासाभराने दुसरा पातळ हात द्यावा. त्यानंतर अहोरात्र, म्हणजे पुरते २४ तास, मूर्तीला हात लावू नये. हाताला कोरडे लागणे आणि आतून पक्के होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दमट दिवसांत आणखी एक दिवस द्यावा. पायाच्या मागील बाजूस नखाने हळूच घासून पाहावे. अस्तर सुटले नाही तर रंगांच्या बाटल्या उघडाव्यात.

अस्तराचा रंग कोणता असावा? पांढऱ्यावर पिवळा आणि तांबडा खुलतात, म्हणून कोलूच्या बाहुल्यांना पांढरेच शोभते. काळ्या अस्तरावर चिलखत आणि शस्त्रे उठून दिसतात आणि घड्यांतील सावल्या आयत्या मिळतात, परंतु पिवळा फेटा रंगविण्यास तीन-चार हात लागतात. नवशिक्याने करडे घ्यावे. त्यावर कोरीव काम स्पष्ट दिसते आणि कोणताही रंग बरा बसतो.

आता एका गंभीर गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. पूर्वीच्या काळी सफेदा म्हणून शिशापासून केलेले पांढरे द्रव्य वापरीत आणि लोखंडी पुलांना शिशाच्याच शेंदरी भस्माचे अस्तर देत. आजीच्या पेटीतील बाहुलीवर असा रंग असू शकतो. मुलांच्या शरीरात शिसे गेल्यास मेंदूच्या वाढीला अपाय होतो आणि त्याची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. म्हणून जुनी बाहुली नव्याने रंगविताना तिचा रंग कोरड्या सँडपेपरने कधीही घासू नये. सुटलेले टवके ओल्या फडक्याने टिपावेत, फडके टाकून द्यावे, हात धुवावेत आणि राहिलेल्या रंगावरच नवे अस्तर चढवावे. हे काम मुलांच्या हाती देऊ नये. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. कारखान्यांतील यंत्रांसाठी बनविलेले रंग मात्र त्यात येत नाहीत, तेव्हा लोखंडी सामानाच्या दुकानातील उरलेला डबा स्वस्त मिळतो म्हणून बाहुलीसाठी आणू नये. डब्यावर शिसेविरहित असल्याचा उल्लेख वाचूनच पैसे द्यावेत.

अस्तर देताना मूर्तीचा तळ बहुतेक सर्वजण विसरतात. दिवाळीचा किल्ला मातीचा. त्यावर आळीव किंवा मोहरी पेरलेली असते आणि दररोज पाणी शिंपडले जाते. प्लास्टरचा मावळा ते पाणी तळव्यातून वर ओढतो आणि रंग आतून फुगून गुडघ्यापर्यंत सुटतो. तेव्हा मूर्ती बुचावरून काढल्यावर तिला आडवी ठेवून तळालाही दोन हात द्यावेत, ते पक्के वाळू द्यावेत, आणि मांडताना पायाखाली फरशीचा लहानसा तुकडा सरकवावा.