शिरस्त्राणं जमली, रांग जमेना

2003 साली बीबीसीवर ‘टाइम कमांडर्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. चार साध्यासुध्या माणसांचा संघ स्टुडिओत यायचा, मोठ्या पडद्यावर एखादी प्राचीन लढाई मांडलेली असायची आणि हुकूम सोडत ती नव्याने लढायची. पडद्यावरचं सैन्य होतं ‘रोम: टोटल वॉर’ या गेममधलं, आणि तो गेम बाजारात आला 2004च्या सप्टेंबरात. लोकांना खेळायला मिळण्याआधीच तो टीव्हीवर इतिहास सांगायला बसला होता! 2004 मध्येच हिस्टरी चॅनेलच्या ‘डिसायसिव्ह बॅटल्स’ने मॅरेथॉन आणि गॉगामेलाच्या लढाया याच गेमच्या चित्रांनी रंगवल्या. माहितीपटात दिसलं म्हणून खरं, आणि तेच गेममध्ये दिसतं म्हणून गेमही खरा, असा हा एकमेकांना जामीन राहण्याचा व्यवहार तेव्हापासूनचा.

त्याआधी अपेक्षाच फारशा नव्हत्या. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळल्या गेलेल्या 1997च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये अकादमीतून हॉप्लाइट, म्हणजे ढाल-भालेवाला ग्रीक पायदळी सैनिक, बाहेर पडायचा. त्याला बढती दिली की तो ‘फॅलँक्स’ व्हायचा, आणखी दिली की ‘सेंच्युरियन’. एका माणसाची आधी अख्खी रांग व्हावी आणि मग रोमन अधिकारी! कुणाचंही काही बिघडलं नाही.

‘रोम’पासून मात्र लोक भांडू लागले. त्या गेमची मोहीम इ.स.पू. 270ला सुरू होते. तेव्हा इजिप्तवर टॉलेमी घराण्याचं, म्हणजे मॅसिडोनियन ग्रीकांचं राज्य होतं आणि त्यांचं मुख्य बळ म्हणजे लांब भाल्यांचं पायदळ. गेममध्ये दिसले हजार वर्षं जुन्या फॅरोंच्या काळातले रथ आणि पोशाख. चिडलेल्या हौशी मंडळींनी पदरमोड करून ‘युरोपा बार्बारोरम’सारखे मॉड, म्हणजे गेमच्या सुधारलेल्या आवृत्त्या, बनवले, तुकड्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेतली नावं दिली, ढालींवरची चिन्हं तपासली. मेहनत कौतुकाचीच. पण ‘अचूक’ची व्याख्या तिथेच ठरून गेली: जे दिसतं ते बरोबर असलं की झालं. माणसं लढताना वागतात कशी, हा प्रश्न मागे राहिला.

2007 मध्ये ‘300’ चित्रपट आला आणि दिसण्याचाही बोजवारा उडाला. फ्रँक मिलरच्या 1998च्या चित्रकथेवरचा तो सिनेमा; त्याने इतिहास असल्याचा दावा केला नव्हता, पण उघड्या छातीचा, लाल झग्यातला स्पार्टन लोकांच्या डोक्यात असा बसला की पुढच्या प्रत्येक माहितीपटाला आणि गेमला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं. सिनेमात दाखवलेल्या थर्मोपिलीच्या लढाईत शेवटच्या दिवशी थेस्पियाचे 700 जणही राहिले होते, त्यांचं नाव निघालं तर निघालं. हेलॉटांचं तर मुळीच नाही. हेलॉट म्हणजे स्पार्टाचे बांधलेले शेतमजूर. इ.स.पू. 479ला प्लॅटियाच्या रणांगणावर 5,000 स्पार्टन नागरिकांमागे प्रत्येकी सात हेलॉट होते, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. हिशेब केला तर 35,000 माणसं होतात. हा आकडा निम्म्याने खोटा धरला तरी स्पार्टाच्या सैन्यात स्पार्टन अल्पसंख्यच ठरतात. ते पडद्यावर आणणं परवडत नाही, कारण मग ‘स्वातंत्र्यासाठी लढणारे’ हे शब्द निवेदकाच्या घशात अडकतील.

इकडे अभ्यासकांच्या पायाखालची जमीनही सरकत होती. व्हिक्टर डेव्हिस हॅन्सन यांनी 1989च्या पुस्तकात जे चित्र रंगवलं, शेतकरी-सैनिकांच्या घट्ट रांगा, ढालीला ढाल भिडवून रेटारेटी, एका फटक्यात निकाल, ते गेम बनवणाऱ्यांना आयतंच मिळालं. पण हान्स फान वेस यांचं पुस्तक नेमकं 2004मध्ये आलं आणि त्याने विचारलं की रांगा खरंच एवढ्या घट्ट होत्या का, आणि दगड-भाले फेकणारे हलके सैनिक गेले कुठे. हा वाद अजून मिटलेला नाही. गेमांनी मात्र त्यातली एक बाजू कधीच गोठवून टाकली.

इ.स.पू. 418ची मँटिनियाची लढाई घ्या. इतिहासकार थ्युसिडिडीजने लिहून ठेवलंय की चालून जाताना प्रत्येक सैन्य उजवीकडे सरकत जातं, कारण प्रत्येक जण आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड नेऊ पाहतो. त्या दिवशीही तेच झालं. स्पार्टाचा राजा एजिस घाबरला, आणि शत्रू अंगावर येत असताना त्याने डावी बाजू आणखी डावीकडे ताणली. पडलेली फट भरायला उजवीकडच्या दोन सेनाधिकाऱ्यांना सांगितलं. ते हललेच नाहीत! फट तशीच राहिली, शत्रू तिच्यातून आत घुसला, तरीही स्पार्टन जिंकले. त्या दोघांना पुढे भित्रेपणाच्या आरोपावरून हद्दपार केलं गेलं. हे अख्ख्या ग्रीसमधल्या सर्वांत शिस्तीच्या सैन्याचं. गेममध्ये आपण घारीसारखे वरून बघतो, माउस दाबला की तुकडी वळते. खऱ्या सेनापतीला समोरची धूळ दिसायची, तीही पुढच्या फळीत उभं राहून. इ.स.पू. 422ला अँफिपोलिसला तर दोन्हीकडचे सेनापती, स्पार्टाचा ब्रासिडास आणि अथेन्सचा क्लिऑन, एकाच लढाईत गेले.

डेलियमला, इ.स.पू. 424मध्ये, शत्रूला वेढा घालताना अथेन्सवाल्यांची गफलत झाली आणि त्यांनी आपलीच माणसं कापली. गेममध्ये प्रत्येक तुकडीच्या डोक्यावर रंगीत निशाण तरंगत असताना असली चूक होणार कशी?

2018च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’बद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. रंगवलेले पुतळे, रंगीत मंदिरं, इ.स.पू. 431च्या अथेन्समधल्या गल्ल्या; पांढऱ्याफटक संगमरवराची सवय झालेल्या डोळ्यांना एवढं देणारा माहितीपट मी पाहिलेला नाही. 2019च्या ‘डिस्कव्हरी टूर’मध्ये तर तलवार बाजूला ठेवून नुसतं हिंडता येतं. पण लढाई सुरू झाली की दोन्हीकडची दीडदीडशे माणसं यात्रेतल्या गर्दीसारखी एकमेकांत मिसळतात, आणि नायकाच्या हाती ढालच नाही. ज्या युद्धपद्धतीचा पायाच सुमारे 90 सेंटिमीटरची गोल ढाल होता, तिथे! एकट्या नायकाचा गेम म्हटल्यावर रांग नको, हे समजतं. पण मग ती अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धातली लढाई म्हणून खपवू नये.

‘रोम 2’ने 2014च्या शेवटी ‘राथ ऑफ स्पार्टा’मध्ये हेच युद्ध इ.स.पू. 432पासून खेळायला दिलं. नकाशा सुरेख, पण माणसं तीच, सांगेल तिथे मरायला तयार. त्यापेक्षा 2010चा ‘हेजेमनी: फिलिप ऑफ मॅसिडॉन’ मला जवळचा वाटतो. दिसायला साधा आहे, पण रसद तुटली की फौज उपाशी राहते आणि मोहीम बसते. 2024च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने अलेक्झांडरवर सहा भागांची मालिका आणली. तिच्यात तंबूतली भांडणं भरपूर, धान्याच्या गाड्या जवळपास नाहीतच. त्या गाड्या कुठे थांबवायच्या, खेचरं किती न्यायची, पुढच्या गावात पीक उभं आहे की कापलं गेलंय, यावर त्या मोहिमेचे बरेचसे दिवस जात असत.